कॉलेज बदलले म्हणून वर्ष का बुडावे?

आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलायची असेल तर कायदा त्याच्या बाजूने उभा असतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मधले कलम ५ आपल्या मुख्याध्यापक मंडळींना पाठच असेल. मुलाला राज्यातल्या किंवा परराज्यातल्या दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत जायचे असेल तर जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. आणि दाखला देण्यात चालढकल करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावरची दोन-चार मुले अचानक वर्गात येऊन बसतात. आपण त्यांची नावे हजेरीत घेतो, पुस्तके देतो, दाखल्याचा पत्रव्यवहार मागाहून चालू राहतो. यात आपण कुणावर उपकार करत नाही. तो त्या मुलांचा हक्कच आहे.

तेच मूल बारावी होऊन कॉलेजात गेले, एखादे वर्ष शिकले आणि घरच्या कारणाने त्याला गाव सोडावे लागले, की हे छत्र डोक्यावरून निघून जाते. तिथे कागद आधी आणि विद्यार्थी नंतर. पालकहो, आज मला याबद्दल थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण दहावी-बारावीच्या निकालाचा आणि पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचा आपल्याकडे जेवढा गाजावाजा होतो, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही मध्येच कॉलेज बदलणाऱ्यांची चर्चा होत नाही.

कोण असतात ही मुले? वडील पोलीस खात्यात, बँकेत किंवा एसटीत असतात आणि बदली होते. वसतिगृहाचा खर्च झेपेनासा होतो आणि मुलगा मामाच्या गावी राहायला जातो. कुणाचे आजारपण असते. कुणाला वर्षभराने कळते की आपण निवडलेला विषय आपला नाही. पण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त संख्या आहे ती मुलींची, आणि कारण लग्न. अठरा पूर्ण झाली की स्थळे बघायला सुरुवात होते. म्हणजे नेमके पहिले-दुसरे वर्ष. शिकवू, असे सासरचे कबूलही करतात, आणि बहुतेकदा मनापासून करतात. पण सासर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि तो जिल्हा दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत.

माझी एक माजी विद्यार्थिनी अशीच. कला शाखेचे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पास. लग्न होऊन अडीचशे किलोमीटरवर गेली. नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागितला तर सांगण्यात आले, मायग्रेशन आणा. जुन्या विद्यापीठाच्या खिडकीवर गेली तर म्हणाले, आधी कॉलेजची टीसी जोडा. टीसी काढली, मायग्रेशन मिळाले, तोवर ऑगस्ट उजाडला. मग नव्या ठिकाणी गुणपत्रक बघून कळवले की तुमचे दोन पेपर आमच्याशी जुळत नाहीत, पहिल्या वर्षाला बसा नाहीतर मुक्त विद्यापीठ बघा. तिने मुक्त विद्यापीठात नाव घातले, तेही पुन्हा पहिल्या वर्षाला. फोनवर मला एवढेच म्हणाली, "मॅडम, मी नापास तर झाले नव्हते ना?"

मुक्त विद्यापीठाला नावे ठेवायचा माझा हेतू नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून असंख्य लोकांच्या शिक्षणाचा आधार झाले आहे. ज्याला घरी राहून शिकायचे आहे त्याने तिथे जरूर जावे. पण ज्या मुलीला रोज कॉलेजात जायचे होते, जिच्या सासरचे तिला पाठवायला तयार होते, तिला आम्ही कागदापायी घरी बसवले. आणि वर्ष तर गेलेच. लग्न झालेल्या मुलीच्या शिक्षणात एक वर्ष म्हणजे काय असते ते आपल्याला माहीत आहे. पुढच्या जूनपर्यंत घरात पाळणा हललेला असतो, आणि मग पुस्तके माळ्यावर जातात.

आता जरा कागदांकडे येऊ, कारण पालकांचा गोंधळ इथेच होतो. टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, तो कॉलेज देते. मायग्रेशन म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, ते विद्यापीठ देते, कॉलेज नाही. एकाच विद्यापीठातल्या एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचे असेल तर मायग्रेशन लागत नाही, बहुतेक ठिकाणी दोन्ही प्राचार्यांची ना-हरकत आणि टीसी यांवर काम होते, अर्थात जागा रिकामी असेल तर. विद्यापीठ बदलायचे असेल तर मात्र मायग्रेशन आणि त्यावर नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रता. ही एलिजिबिलिटी हाच खरा दरवाजा. बाकीचे कागद पैसे भरून आणि हेलपाटे घालून मिळतात. पात्रता मात्र कुणीतरी तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून ठरवते, आणि ती कशी ठरवते हे विद्यार्थ्याला आधी कळत नाही.

तुम्ही म्हणाल, नवीन शैक्षणिक धोरणाने तर हे सगळे सोपे केले आहे. केले आहे, कागदावर. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. मुलाने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावावर बँकेत पैसे ठेवावेत तसे जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षे. पदवी ज्या संस्थेची घ्यायची तिथे किमान निम्मे श्रेयांक मिळवले पाहिजेत, असे त्या नियमांत आहे. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० श्रेयांक धरले, तर उरलेले ६० दुसरीकडून आणायला नियमाची आडकाठी नाही. म्हणजे दीड वर्ष एकीकडे आणि दीड वर्ष दुसरीकडे! कायदा करणाऱ्याचे मन मोठे आहे हो. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून जाणाऱ्याला ठरावीक जादा श्रेयांक पूर्ण केले तर प्रमाणपत्र, तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा, सात वर्षांत पदवी पुरी करण्याची मुदत, हेही त्याच धोरणातून आले. आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ही रचना २०२४-२५ पासून लागू आहे. शाळेत आपण पालकांकडून संमतीपत्र घेऊन मुलांचे बारा अंकी अपार आयडी काढतो, तेही पुढे याच खात्याशी जोडले जाणार.

मग अडते कुठे? श्रेयांक खात्यात जमा असणे ही एक गोष्ट आणि नव्या विद्यापीठाने ते आपल्या पदवीसाठी धरणे ही दुसरी. बँकेचेच उदाहरण घ्या. माझ्या खात्यात पैसे आहेत, पासबुकावर नोंद आहे, पण दुकानदार म्हणतो या गावातल्या शाखेचे पैसे मी घेत नाही. पैसे खोटे नाहीत, खाते खोटे नाही, तरी किराणा मिळत नाही.

आणि दुकानदाराचे म्हणणे तरी काय? तर पेपरचे नाव जुळत नाही. नवीन रचनेत मुख्य विषय आहे, दुय्यम विषय आहे, त्याशिवाय खुला ऐच्छिक, कौशल्याचे पेपर, भाषेचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञानप्रणालीचा, सहशालेय उपक्रमांचा असे कितीतरी कप्पे. कप्पे राज्याने ठरवून दिले आहेत, त्यामुळे सगळीकडे साधारण सारखेच. पण कप्प्यात कोणता पेपर घालायचा हे ज्याचे त्याने ठरवले. एका ठिकाणी खुल्या ऐच्छिकात पर्यटन, दुसरीकडे पोषणशास्त्र. आता मला सांगा, इतिहासात पदवी घेणाऱ्या मुलीने खुल्या ऐच्छिकात पर्यटन शिकले की पोषणशास्त्र, याने तिच्या इतिहासाचे काय बिघडते? त्या कप्प्याचे नावच खुला आहे! एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास शिकवणे, प्रात्यक्षिक असेल तर तीस तास. हा हिशोब देशभर एकच आहे. तास भरले, परीक्षा झाली, श्रेयांक मिळाले. कप्पा भरला की भरला.

मुख्य विषयाचे मात्र तसे नाही आणि तिथे मी विद्यापीठांच्या बाजूची आहे. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलाने पहिल्या वर्षी यामिक आणि विद्युत यांपैकी एकच शिकले असेल तर तो पुढे अडखळणारच. लेखाशास्त्राचा पाया कच्चा ठेवून करप्रणाली शिकवता येत नाही. आपण शिक्षक आहोत, पाचवीला भागाकार न आलेले मूल सहावीत काय करते ते रोज पाहतो. म्हणून अटच नको, असे मी मुळीच म्हणणार नाही. मुख्य विषयात काय राहून गेले आहे ते बघा, दाखवा, आणि राहिलेला पेपर दुसऱ्या वर्षासोबत करून घ्या. एटीकेटीत आपण नापास मुलाला राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात बसू देतो. आणि पास होऊन आलेल्या मुलीला मागच्या वर्गात पाठवतो. हे कुठले शास्त्र?

याला उत्तर म्हणून विद्यापीठांतले लोक दोन गोष्टी सांगतात. एक, खोटी गुणपत्रके येतात. ती येत असतील, पण श्रेयांक बँक आणि डिजिलॉकर यांचा उपयोग मग कशासाठी? विद्यापीठाने स्वतः चढवलेली नोंद दुसऱ्या विद्यापीठाला संगणकावर दिसते, तर त्याच गोष्टीचा शिक्का आणायला मुलीला अडीचशे किलोमीटर परत कशाला पाठवायचे? दुसरी गोष्ट जास्त वजनाची आहे. मागच्या दाराने प्रवेश. पुण्या-मुंबईच्या नामवंत कॉलेजात बारावीच्या गुणांवर नंबर लागला नाही, तर कुठेतरी पहिले वर्ष करायचे आणि दुसऱ्या वर्षाला ओळखीने आत शिरायचे, असे प्रकार होऊ शकतात. ही शंका मला रास्त वाटते. पण ओळखीला वाव कुठे मिळतो? नियम जिथे लिहिलेला नसतो तिथेच. लिहिलेला नियम ओळखवाल्याला अडवतो आणि बिनओळखीच्याला वाट देतो. आज नेमके उलटे होते आहे. ज्याचा काका संस्थेत आहे त्याचे पेपर जुळतात.

हे जमणार नाही असे कुणी म्हणत असेल तर त्याने आपल्याच राज्यातल्या अभियांत्रिकीकडे बघावे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेला मुलगा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतो. डीएसई म्हणतात त्याला, ग्रामीण भागातल्या पालकांना हा शब्द तोंडपाठ आहे. किती टक्के हवेत हे आधी जाहीर. डिप्लोमाला किमान ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४०. जागा किती हेही ठरलेले. मंजूर संख्येच्या १० टक्के जादा जागा, शिवाय पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या. सीईटी सेल गुणवत्ता यादी लावते, फेऱ्या होतात, घरबसल्या कुणाचा नंबर कितवा ते दिसते. कुणाच्या ओळखीची गरज पडत नाही.

याच नियमांत एक बारीकशी तरतूद आहे, ती मला फार आवडते. बीएस्सी झालेला विद्यार्थीही, बारावीला गणित असेल तर, थेट दुसऱ्या वर्षाला येऊ शकतो. पण त्याने अभियांत्रिकी चित्रकला आणि यांत्रिकी हे पहिल्या वर्षाचे विषय केलेले नसतात. मग नियम काय म्हणतो? पहिल्या वर्षाला बस, असे म्हणत नाही. म्हणतो, दुसऱ्या वर्षासोबत हे दोन विषय पास हो. झाले! उणीव नेमकी कोणती ते सांगितले, ती भरून काढायची वाट सांगितली, वर्ष वाचवले. अभियांत्रिकीसारख्या शाखेत हे चालते, तर कला आणि वाणिज्य शाखेत मूल्यशिक्षणाच्या दोन श्रेयांकांवरून गाडी का अडावी?

बाहेरचे उदाहरण द्यायचे तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचे देता येईल. तिथे १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्यापासून ही वाट मुद्दाम आखलेली आहे. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे स्वस्तात शिकायचे आणि मग राज्याच्या मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाची किमान अट म्हणजे साधारण ६० युनिट्स आणि राज्यातल्या मुलांसाठी २.४ इतकी सरासरी श्रेणी, काही विषय सक्तीचे. नामांकित शाखांना याहून बरेच जास्त लागते, तिथेही चुरस आहेच. पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. असिस्ट नावाची एक सार्वजनिक नोंद आहे. अमुक कॉलेजातला अमुक पेपर तमुक विद्यापीठात कोणत्या पेपरच्या बदल्यात धरला जाईल, हे तिथे कुणीही बघू शकते. मूल कॉलेजात पहिला तास बसण्याआधी त्याला कळते की हा तास पुढे मोजला जाणार की नाही. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, मान्य. पण यादी करायला पैसा लागत नाही, बसून काम करायला लागते.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक विषयाच्या अभ्यासमंडळाने वर्षातून एकदा, मार्च-एप्रिलमध्ये, राज्यातल्या बाकीच्या विद्यापीठांचा पहिल्या वर्षाचा मुख्य विषयाचा अभ्यासक्रम समोर ठेवावा आणि तक्ता करावा. कुठला पेपर आपल्या कुठल्या पेपरइतका, कुठे काय कमी पडते. मुख्य विषय सोडून बाकीच्या कप्प्यांत श्रेयांकाला श्रेयांक धरावा, नाव बघू नये. तक्ता संकेतस्थळावर टाकावा. दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागांची यादी कॉलेजच्या फलकावर लावावी आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर भरावी. आणि मायग्रेशन येईपर्यंत हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश द्यावा. हे काही ठिकाणी होतेही, पण ते समोरच्या माणसाच्या मर्जीवर. मर्जीचा नियम व्हावा, जसा आठवीपर्यंतच्या मुलासाठी २००९ साली झाला.

सीमेवरच्या मुलांचे आणखी अवघड. बेळगाव-निपाणीकडची मराठी मुले कोल्हापूरला येतात, सावंतवाडी-बांद्याकडची गोव्यात जातात. कर्नाटकाने २०२४-२५ पासून चार वर्षांची पदवी मागे घेऊन तीन वर्षांची परत आणली, आपल्याकडे चार वर्षांची रचना चालू. अशा वेळी दोन राज्यांतले कप्पेही सारखे राहत नाहीत. तिथे अभ्यासमंडळाला जास्त डोके लावावे लागेल, पण शिवाजी विद्यापीठाला बेळगाव आणि गोवा यांचा तक्ता करणे हे काही परदेशाशी करार करण्याइतके मोठे काम नव्हे.

तोवर आपण काय करायचे? आपली मुले बारावीनंतरही आपल्याकडेच विचारायला येतात, कॉलेजच्या खिडकीपेक्षा त्यांना शाळेचा उंबरा जवळचा वाटतो. त्यांना काही गोष्टी जरूर सांगा. पहिल्या वर्षापासून प्रत्येक पेपरचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवायचा, पात्रता ठरवताना तोच मागतात. दोन्ही सत्रांचे श्रेयांक खात्यात खरोखर जमा झाले का ते स्वतः उघडून बघायचे, नसतील तर कॉलेजला लेखी कळवायचे. शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटीवर नूतनीकरण होणार की नवा अर्ज, हे कॉलेज बदलण्याआधी विचारायचे. मूळ गुणपत्रके कॉलेज अडकवून ठेवत असेल तर अनुदान आयोगाची २०१८ ची सूचना दाखवायची, प्रवेशाच्या वेळी मूळ कागद तपासून लगेच परत द्यावेत असे त्यात स्पष्ट आहे.

आणि टीसी सगळ्यात शेवटी. नव्या ठिकाणी जागा आहे आणि आपले श्रेयांक धरणार आहेत, हे लेखी हातात आल्याशिवाय जुनी जागा सोडायची नाही. तोंडी "या, बघू" यावर टीसी काढली की मुलगी दोन्हीकडून बाहेर.

लग्न ठरलेल्या मुलींच्या आयांना मी आणखी एक सांगते. आधारवर सासरचे नाव चढवायची घाई करू नका. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, गुणपत्रकावर माहेरचे, श्रेयांकाचे खाते आधारशी जोडलेले. आधारवरचे नाव बदलले की डिजिलॉकरमधले नाव आणि विद्यापीठातले नाव जुळेनासे होते, मग राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र यांचा नवा फेरा सुरू. रेशनकार्डासाठी सासरचे घाई करतील, तर त्यांना सांगा की पदवीचे शेवटचे गुणपत्रक हातात येऊ द्या, मग नाव खुशाल बदला.